कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत : घरच्या घरी स्वतःपुरती वही कशी लिहावी

मला डायरी लिहायची सवय कधीच नव्हती. माहेरी वडील लिहायचे, पण त्यात पाऊस किती झाला आणि आंब्याच्या किती पेट्या गेल्या एवढंच. माझी वही सुरू झाली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. फेब्रुवारी २०१९मध्ये सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, रोजची नोंद ठेवा. मी एक लाँगबुक आणलं आणि रकाने आखले : तारीख, बीपी, साखर, गोळ्या, पोट साफ झालं का, आणि शेवटी उरलेल्या जागेत 'शेरा'.

पहिले आठ दिवस शेऱ्यात 'ठीक' आणि 'ठीक नाही' एवढंच होतं. मग हळूहळू तो रकाना लांबत गेला. 'चमचा धरता येत नाही.' 'पेज नको म्हणाल्या, ताट ढकललं.' 'आज त्या चिडल्या, मीही चिडले, नंतर दोघी गप्प.'

जूनमध्ये तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काही फरक वाटतो का? मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मागची पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवली. मार्चमध्ये 'चमचा धरता येत नाही'. मेमध्ये 'चमचा धरला, सगळं सांडलं'. आदल्या आठवड्यात 'पेजेचे चार चमचे स्वतः'. हे सगळं माझ्याच अक्षरात होतं आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्या दिवशी जो धीर आला तसा धीर घरी भेटायला येणाऱ्या एकाही पाहुण्याच्या बोलण्यातून आला नव्हता.

तेव्हापासून लिहिते आहे. नणंद, भाची, शेजारच्या दोघी अधूनमधून विचारतात, म्हणून एकदाच नीट मांडून ठेवते. आधीच एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाटेल. वही लिहिताना उमेद येईलच असं नाही, बहुतेक दिवशी येत नाही. ती येते मागची पानं वाचताना. लिहिताना तुमचं काम एवढंच, की तीन महिन्यांनी वाचायला काहीतरी खरं शिल्लक असावं.

काय काय लागेल

- शंभर पानी साधी वही. तारखा छापलेली डायरी नको, कारण पुढे सांगते.
- बॉलपेन. जेल पेन सुंदर चालतं, पण ओल्या हाताने पान उलटलं की अक्षर पसरतं, आणि स्वयंपाकघरात हात ओलेच असतात.
- वहीला दोरीने बांधलेली एक पेन्सिल. घरातलं पेन मुलं नेतात, पेन्सिल कुणी नेत नाही.
- खळ किंवा गोंद, एखादा कागद चिकटवायला.
- झाकण घट्ट बसणारा एक प्लॅस्टिकचा डबा.
- भिंतीवरचं कॅलेंडर, ते असेलच.

वर्षाच्या सुरुवातीला बँकेतून किंवा औषध दुकानातून मिळालेली जाड डायरी बहुतेक घरांत पडून असते. तिच्यात लिहू नका. दर पानावर तारीख छापलेली असते, चार दिवस राहिले की चार कोरी पानं तुमच्याकडे बघत बसतात, आणि मकर संक्रांतीपर्यंत डायरी बंद होते. साध्या वहीत तारीख आपण घालायची. मग कोरं पान राहतच नाही.

१. वेळ शोधू नका, आधीच्या कामाला बांधा

'रात्री झोपताना शांतपणे लिहा' असा सल्ला सगळे देतात. रात्री झोपताना मी ओटा पुसून, दाराला कडी लावून, उद्याचे कडधान्य भिजत घालून पडते. शांतपणा कुठला? माझी वेळ आहे सकाळी कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंत. तेवढ्या वेळात चार-पाच ओळी होतात. तिसरी शिट्टी झाली की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं.

तुमची वेळ वेगळी असेल. दूध उतू जाऊ नये म्हणून समोर उभं राहतो ती, मुलाच्या क्लासबाहेर थांबतो ती, पाण्याचा पंप सुरू असतो ती. रोज होणारं आणि आपल्याला जागेवर थांबवून ठेवणारं कुठलंही काम चालेल. वहीही तिथेच ठेवायची. माझी मिसळणाच्या डब्यामागे असते, तिच्या पानांना हळदीचे डाग आहेत. कपाटात नीट ठेवलेली वही लिहिली जात नाही.

२. पहिला आठवडा फक्त कॅलेंडरवर

आपल्याकडे कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची जुनी सवय आहे. दूध आलं नाही, सिलिंडर लावला, कामवाल्या मावशींचा खाडा, लाइटबिल भरलं. पहिले सात दिवस त्याच चौकोनात एक नोंद जास्त करा, तीन-चार शब्दांची, त्या दिवशी घरात घडलेल्या एका गोष्टीची. 'भाकरी फुगली.' 'फणस आला शेजारून.' 'नळ दुरुस्त, मीच.' चौकोन लहान असतो म्हणून भीती वाटत नाही.

सात चौकोन भरले की वही उघडा. चारच भरले तरी उघडा.

३. वहीत तीन प्रकारच्या ओळी लिहा

नवशिक्यांची खरी अडचण इथे असते. वही उघडून बसतात आणि लिहितात, 'आजचा दिवस चांगला गेला. सगळे आनंदात होते.' हे खोटं नसेल, पण तीन महिन्यांनी यातून काहीच परत मिळत नाही. मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. तिन्हींची उत्तरं रोज लिहिते असं नाही, एकाचं मिळालं तरी पान होतं.

काय दिसलं, ऐकू आलं, कसला वास आला? इथे मत द्यायचं नाही, फक्त नोंद. 'पहिला पाऊस. अंगणातली वाळवणं आत घेताना आमसुलांचं ताट निसटलं, सगळी आमसुलं चिखलात.' हे लिहिताना मी वैतागले होते. आज वाचलं की तो मे महिना नाकात येतो.

कोण काय बोललं? त्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. सासूबाईंची वाचा परत येत होती तेव्हाचे त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले होते. एप्रिलमध्ये त्या फक्त 'गो' म्हणायच्या, मला हाक म्हणून. मग 'पाणी गो'. जुलैत एक दिवस जेवताना म्हणाल्या, 'अगो, मीठ विसरलीस.' मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. टोमणा ऐकून इतका आनंद मला संसारात पुन्हा कधी झालेला नाही. मुलांचे चुकीचे शब्दही असेच लिहून ठेवा. ते महिन्याभरात बरोबर बोलायला लागतात आणि मग चुकीचा शब्द कुणालाच आठवत नाही.

मी काय केलं? ही ओळ बायका गाळतात. 'काही विशेष नाही, घरचंच' असं म्हणून सोडून देतात. घरकामाची गंमतच अशी आहे की ते जितकं नीट होईल तितकं दिसेनासं होतं. झाडलेली खोली संध्याकाळी पुन्हा तशीच, घासलेली भांडी पुन्हा मोरीत. केंद्र सरकारने २०१९मध्ये वेळवापराची देशव्यापी पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेलेला दिसतो, पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि झोपताना आपण म्हणतो, आज काही झालंच नाही. तेव्हा लिहा : 'माळा साफ केला. तीन पिशव्या रद्दी निघाली.' 'बँकेत केवायसीसाठी दुसरी खेप, आज काम झालं.' 'सासूबाईंना कूस बदलायला लावली, चार वेळा.' फुशारकी वाटते? वाटू द्या, वाचणारी तुम्हीच आहात.

घरात राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या पुरुषांनाही हेच लागू आहे. आमच्या ओळखीतले एक काका निवृत्तीनंतर सहा महिने 'दिवस जात नाही' म्हणत होते. त्यांनी वही सुरू केल्यावर कळलं की दिवस भरपूर जात होता, फक्त हिशेबात येत नव्हता.

४. आभाराची यादी जपून

रोज पाच चांगल्या गोष्टी लिहा, असं हल्ली सगळीकडे सांगतात. याचं मूळ अमेरिकेतल्या एमन्स आणि मॅक्‌कलो या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या प्रयोगांत आहे. त्यांतल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी अशी यादी रोज केलेली नव्हती. आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, आणि जास्तीत जास्त पाच गोष्टी.

मी रोज करून पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून 'घर, मुलं, तब्येत, देव' असा जप सुरू झाला, आणि ज्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं त्या दिवशी ती यादी वाचून स्वतःचाच राग आला. आता फक्त रविवारी लिहिते, एकच गोष्ट, तीही कारणासकट. 'मुलाने न सांगता आजीची बेडपॅन धुतली. तोंड वाकडं केलं, पण धुतली.' असं काही नसेल तर रविवार कोरा.

५. तक्रार लिहा, पण ती गोल फिरू देऊ नका

वहीत रडगाणं लिहू नये असं मी म्हणणार नाही. दुसरीकडे कुठे लिहायचं? पण माझ्या एका जुन्या वहीत एक पंधरवडा असा आहे की रोज तीच एक तक्रार आहे, त्याच व्यक्तीबद्दल, जवळजवळ त्याच शब्दांत. ती पानं वाचताना आजही छाती भरून येते आणि हाताला काही लागत नाही.

आता माझा नियम असा : तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की तिच्याखाली 'कारण' हा शब्द लिहायचा आणि पुढचं वाक्य पूर्ण करायचं. 'मला राग आला कारण त्यांनी सल्ला दिला' इथे थांबायचं नाही. 'कारण त्या रात्रभर जागत नाहीत आणि मी जागते.' मग कधी कधी पुढची ओळ आपोआप येते : शनिवारी रात्री त्यांना बसायला सांगायचं. सांगितलं. त्या बसल्याही.

खूप जुनं, आत साचलेलं काही असेल, तर त्यासाठी वेगळी पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६मध्ये छापलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगावर लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र मनातलं आणि घडलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पेनेबेकरांनी नंतर अशा लिखाणातले शब्दही तपासले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'आता कळलं' असे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त दिसला.

घरी करायचं तर घड्याळ लावा, पंधरा मिनिटांनी थांबा, आणि उठून हाताचं काम घ्या. मी लसूण सोलते. लिहून झाल्यावर लगेच कुणाला फोन लावू नका, त्या पंधरा मिनिटांचा राग समोरच्यावर निघतो.

हेही स्पष्टच सांगते. लिहिताना 'जगूच नये' असे विचार वारंवार येत असतील, तर वही बंद करून माणसाशी बोला. घरात कुणाशी बोलणं शक्य नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. नंबर १४४१६. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

६. महिन्यातून एकदा मागे वाचा

सुरुवातीला म्हटलं तेच इथे होतं. लिहिणारे पुष्कळ असतात, वाचणारे फार थोडे.

माझा दिवस ठरलेला आहे, संकष्टी. उपास असतो, स्वयंपाक झालेला असतो, मोदक झाकून ठेवलेले असतात आणि चंद्रोदयाची वाट बघायची असते. पावसाळ्यात तर ढगांमुळे चंद्र दिसतच नाही, कॅलेंडरवरची वेळ बघून ताट घ्यायचं. त्या तासाभरात मी महिन्याची पानं वाचते. उपास करत नसाल तर नवा सिलिंडर लावाल तो दिवस धरा.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा. तीन खुणा पुरतात. जी गोष्ट तेव्हा डोंगराएवढी वाटली आणि आता आठवतही नाही, तिच्यापुढे फुली. जी हळूहळू सुधारते आहे, तिच्यापुढे बाण. जी महिना झाला तरी तशीच आहे, तिच्याभोवती गोल. मला दर महिन्याला फुल्या इतक्या सापडतात की हसू येतं. नोव्हेंबर २०१९च्या एका पानावर मी फोडणीचं भांडं हरवल्याबद्दल अख्ख्या अकरा ओळी लिहिल्या आहेत.

गोल दोन-तीनच असतात. ते काम मागतात. पुढच्या महिन्यात त्यांतला एक घ्यायचा, सगळे नाही. माझ्या वहीत 'पाठ दुखते' भोवती चार महिने गोल होता. मग मी पलंगाखाली विटा घालून उंची वाढवून घेतली, सासूबाईंना उठवताना वाकावं लागेना. हे आधी का सुचलं नाही, तर पाठ रोज थोडी थोडी दुखत होती, एकदम नाही.

एक सावधगिरी. मन खूपच खाली असेल त्या दिवशी मागची पानं वाचू नका. तेव्हा बाण दिसत नाहीत, फक्त गोल दिसतात.

७. वही कुणी वाचली तर?

दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न पहिला येतो. लपवाछपवी केली की वही आणखी शोधली जाते, हा माझा अनुभव. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ही माझी वही आहे, आत घरचीच नावं आहेत, वाचलीत तर वाईट तुम्हालाच वाटेल. नवऱ्याने एकदा उघडली, बीपीचे आकडे बघून बंद केली. पहिले काही रकाने कंटाळवाणे ठेवण्याचा हा फायदा.

जे खरोखर कुणीच वाचू नये, ते सुट्या कागदावर लिहा आणि जाळा. आमच्या न्हाणीत अजून चूल आहे, तिथे माझी बरीच पत्रं गेली आहेत. न पाठवलेलं पत्र लिहिण्यात जो निचरा होतो, तो कागद राहिला नाही तरी होतो. आणि बँकेचे पिन, पासवर्ड वहीत कधीही लिहू नका. मिसळणाच्या डब्यामागे तर नाहीच.

मोबाइलवर लिहायचं असेल तर लिहा. मराठी कीबोर्डवर बोलून टाइप करायची सोय आहे, डोळ्यांना त्रास असणाऱ्यांना ती बरी पडते. फक्त व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवण्याची सवय लावून घेऊ नका. माझ्या भाचीने जाऊबाईंबद्दलच्या सहा ओळी स्वतःऐवजी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्या. डिलीट केल्या, पण जाऊबाई ऑनलाइन होत्या.

८. जपून ठेवणं

कोकणात हवा दमट, वह्यांना बुरशी लागते आणि कसर खाते. डब्यात वेखंडाचा तुकडा ठेवा, वर्षातून एकदा मार्च-एप्रिलच्या उन्हात वह्या उघडून ठेवा. दुकानाचं किंवा एटीएमचं चकचकीत बिल चिकटवू नका, वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात. आकडा हाताने लिहून घ्या.

आणि वह्या खालच्या फळीवर ठेवू नका. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आम्ही सासूबाईंना खुर्चीसकट वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं. बहुतेक वह्या लाकडी कपाटाच्या तळाशी होत्या. पाचांतल्या तीन गेल्या, पानांचा लगदा झाला. चमच्याची वही त्यात होती. दोन माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर दर संकष्टीला वाचून झालं की पानांचे मोबाइलवर फोटो काढते आणि मुलाला पाठवते, तो ते उघडत नाही, पण असतात.

९. खंड पडला तर

पडणारच. पाहुणे, परीक्षा, आजारपण, गणपती. राहिलेले दिवस आठवून भरायच्या भानगडीत पडू नका, तिथेच लोक वही सोडतात. एक आडवी रेघ मारा, आजची तारीख घाला आणि समोर जे आहे त्याची एक ओळ लिहा.

पुरानंतर माझी वही एकोणीस दिवस बंद होती. वही विकत घ्यायला दुकान उघडं नव्हतं. मदतीत आलेल्या बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर लिहिलं : 'गॅस पेटला. चहा केला. साखर वरच्या मजल्यावरून आणली. सासूबाई म्हणाल्या, पाणचट आहे.' तो पुठ्ठा आता सहाव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला आहे.